अटळ किती आणि आपले किती?

घर दुभंगले, संस्थेत तट पडले, दोन जिवलग एकमेकांना पाठमोरे झाले की थोड्याच दिवसांत एक वाक्य कानी येते : ‘हे कधी ना कधी व्हायचेच होते.’ कोणी त्याला प्राक्तन म्हणतो, कोणी परमेश्वराची इच्छा म्हणतो, कोणी काळाचा महिमा म्हणून मोकळा होतो. शब्द निरनिराळे असले तरी भाव एकच असतो. जे घडले ते अटळ होते आणि जे अटळ होते त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा? या वाक्यात सांत्वन आहे, हे आम्हांस मान्य आहे. कित्येकदा ते खरेही असते. परंतु ते खरे आहे की नाही, हे तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ‘अटळ’ हा मोठ्या मोलाचा शब्द. आपण मात्र तो खिशातल्या चिल्लरीसारखा खर्च करीत असतो.

अटळ म्हणजे नेमके काय आणि ते कोणी, कशाच्या बळावर म्हणावे, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी शतकानुशतके चर्चिला आहे. त्या थोर ग्रंथांकडे न वळता आम्ही आज वाचकांना भूमितीतील एका लहानशा प्रश्नाकडे नेऊ इच्छितो. कारण तेथे ‘अटळ’ या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो पेन्सिल-कागद घेऊन कोणालाही पडताळता येतो. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी पान उलटू नये. पाच ठिपके आणि दहा रेषा यांपलीकडे आम्ही त्यांस फारसे त्रास देणार नाही.

कागदावर चार ठिपके काढावेत. कोणतेही तीन एका ओळीत येऊ देऊ नयेत. आता प्रत्येक ठिपका उरलेल्या प्रत्येक ठिपक्याशी सरळ रेषेने जोडावा. रेषा सहा होतात. दोनच प्रकार संभवतात. चार ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे पसरलेले असतील, तर त्या चौकोनाचे दोन कर्ण एकमेकांस छेदतात. उलट तीन ठिपक्यांच्या त्रिकोणाच्या पोटात चौथा बसलेला असेल, तर एकही रेषा दुसरीस छेदत नाही. म्हणजे छेद पडणे वा न पडणे हे रेषांच्या स्वभावावर नव्हे, तर ठिपक्यांच्या मांडणीवर अवलंबून आहे. आणखी एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. छेद पडतो तेथे दोन रेषा असतात आणि त्या दोन रेषांची मिळून चार टोके असतात. त्यांपैकी एकही रेषा वाकडी नसते. दोन्ही आपापल्या जागी सरळ असतात आणि तरीही त्या एकमेकींच्या आड येतात. तंटा दिसला की वाकडा कोण हे शोधायला निघण्याची आपली सवय किती अपुरी आहे, हे एवढ्यावरूनही कळून यावे.

आता पाचवा ठिपका काढावा. रेषा दहा होतील. पाचही ठिपक्यांभोवती एक रबर बँड ताणून बसवला आहे अशी कल्पना करावी. तो पाचही ठिपक्यांना टेकला, म्हणजे ठिपके पंचकोनाच्या कोपऱ्यांवर असले, तर छेद पाच पडतात. तो चारांनाच टेकला आणि एक ठिपका आत राहिला, तर छेद तीन. तो तिघांनाच टेकला आणि दोन ठिपके आत राहिले, तर छेद एकच. पाच, तीन किंवा एक. चौथा पर्याय नाही. कागद कितीही मोठा घ्या, ठिपके कितीही दूर न्या, शून्य कधीच येत नाही.

हे शून्य का येत नाही? १९३३ च्या सुमारास बुडापेस्ट शहरात तरुण गणितज्ञांची एक मंडळी जमत असे. त्यांतील एस्टर क्लाइन या तरुणीने आपल्या मित्रांपुढे हा सिद्धान्त ठेवला : पाच बिंदूंमध्ये चौकोनाचे चार कोपरे होतील असे चार बिंदू नेहमीच सापडतात. तिची सिद्धता एका परिच्छेदात मावते. रबर बँड पाचांना वा चारांना टेकला असेल तर चौकोन आयताच मिळतो. तो तिघांनाच टेकला असेल तर आतल्या दोन बिंदूंतून एक रेषा काढून ती दोन्ही बाजूंस वाढवावी. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांपैकी दोन या रेषेच्या एका बाजूस आणि एक दुसऱ्या बाजूस पडणारच. एका बाजूस पडलेले ते दोन कोपरे आणि आतले ते दोन बिंदू मिळून चौकोन होतो. चौकोन आला की कर्ण आले आणि कर्ण आले की छेद आला. पुढे याच मंडळींतील जॉर्ज सेकेरेश यांच्याशी एस्टरचा १९३७ साली विवाह झाला, म्हणून त्यांचे मित्र पॉल एर्दिश यांनी या प्रश्नाला ‘सुखान्त प्रश्न’ असे नावच दिले.

यास आम्ही ‘अटळ’ म्हणतो. पाच जण आहेत, प्रत्येकाचे प्रत्येकाशी थेट नाते आहे आणि प्रत्येक नाते सरळ आहे, एवढे ठरले की एक छेद कोणाच्याही दुष्टपणावाचून पडणारच. त्या एका छेदासाठी गुन्हेगार शोधणे हा अन्याय होय. परंतु पंचकोनी मांडणीत पाच छेद पडले असताना ‘पाच माणसे एकत्र आली की असे व्हायचेच’ असे म्हणून कोणी हात झटकू लागला, तर त्याला सांगितले पाहिजे : बाबा रे, एक अटळ होता; उरलेले चार आपण केलेल्या मांडणीचे आहेत.

ठिपके वाढवीत गेले की हा हिशेब अधिक बोलका होतो. सहा ठिपक्यांचे उत्तर एकही आकृती न काढता सांगता येते. सहांपैकी एकेकाला बाजूस ठेवले तर पाच-पाचांचे सहा गट होतात आणि प्रत्येक गटात निदान एक छेद असतो. हे झाले सहा. परंतु प्रत्येक छेदामागे चार ठिपके असल्यामुळे तोच छेद दोन गटांत मोजला जातो. म्हणून सहाचे अर्धे, तीन. यांहून कमी छेद कोणालाही काढता येणार नाहीत. मोठ्या त्रिकोणात लहान त्रिकोण नीट बसवला की बरोबर तीनच छेदांची आकृती निघतेही. एकीकडून सिद्धता म्हणते, तिनाखाली जाता येणार नाही. दुसरीकडून आकृती म्हणते, तिनांवर भागते. दोन्ही हात एकमेकांस भेटले की प्रश्न मिटतो.

या दोन हातांचे बळ मात्र सारखे नाही आणि आमच्या विवेचनाचा सारा भार याच मुद्द्यावर आहे. ‘याहून कमी छेदांत भागते’ हे दाखवण्यास एक आकृती पुरते. शाळेतल्या मुलानेही ती काढावी, मोजावी आणि पुढे करावी. परंतु ‘याहून कमी होणे शक्य नाही’ असे म्हणणाऱ्याला आजवर निघालेल्या आणि पुढे कधी निघू शकतील अशा सर्व आकृत्यांविषयी बोलावे लागते. पहिल्याला एक उदाहरण पुरते, दुसऱ्याला सिद्धता लागते. मी शंभर वेळा प्रयत्न करून पाहिला, हे दुसऱ्याच्या बाबतीत उत्तर नव्हे.

दहा ठिपक्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दहा ठिपक्यांतून चार-चारांचे २१० गट निघतात. ठिपके वर्तुळावर मांडले तर प्रत्येक गट एक छेद देतो, म्हणून छेद २१० पडतात. चांगली मांडणी केली तर ते ६२ वर येतात. ही ६२ ची आकृती १९७० च्या दशकातच हाती आलेली होती. प्रश्न एवढाच होता की ६१ शक्य आहे की नाही. एका छेदाचा प्रश्न! त्याचे उत्तर २००१ साली मिळाले. ब्रॉड्स्की, द्युरोशेर आणि गेथनर या तिघांनी युक्तिवादाने सिद्ध केले की ६१ अशक्य आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील आइखहोल्त्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. दहा बिंदूंच्या एकमेकींहून खरोखर भिन्न अशा जेवढ्या मांडण्या संभवतात, त्या सर्वांची त्यांनी संगणकाकडून नोंद करवून घेतली. त्या १ कोटी ४३ लाख ९ हजार ५४७ भरतात. त्यांत ६१ ची एकही नाही. आज २७ बिंदूंपर्यंत, आणि ३० बिंदूंसाठीही, नेमका आकडा ठाऊक आहे. २७ बिंदूंत चार-चारांचे गट १७,५५० असून अटळ छेद ६,१८० आहेत. कितीही बिंदूंना लागू पडेल असे सूत्र मात्र अद्याप कोणालाही सापडलेले नाही. एक छेद अटळ होता की टाळता येण्याजोगा होता, हे ठरविण्यासाठी या लोकांनी तीस वर्षे आणि दीड कोटीच्या जवळपास आकृत्या खर्ची घातल्या. आपण माणसांच्या बाबतीत हा निकाल ओसरीवर बसून पाच मिनिटांत लावतो.

असल्या प्रश्नांचा जन्म जेथे झाला ते स्थळ मात्र रम्य नव्हते. बुडापेस्टच्या त्याच मंडळींत पॉल तुरान हे होते. त्यांचा जन्म १९१० चा. ते ज्यू असल्यामुळे महायुद्धाच्या काळात त्यांना वारंवार सक्तीच्या मजुरीला धाडण्यात आले. १९४४ साली ते बुडापेस्टजवळच्या एका वीट कारखान्यात राबत होते. तेथे काही भट्ट्या होत्या आणि विटा रचून ठेवण्यासाठी उघडी आवारे होती. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक आवारापर्यंत रूळ टाकलेले होते. विटांनी भरलेल्या लहान गाड्या त्या रुळांवरून ढकलीत न्यायच्या, हे काम. रूळ सरळ असेल तेथवर काम जड नव्हते. दोन रूळ जेथे एकमेकांस छेदत तेथे मात्र गाडी घसरे, विटा खाली पडत आणि साऱ्यांचाच खोळंबा होई. तुरान यांच्या मनात आले, हे छेद कमी करता आले असते. मग कमीत कमी किती ठेवावे लागले असते? पुढे १९७७ साली आलेखशास्त्राच्या एका नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात त्यांचे टिपण छापून आले, त्यात ही हकिकत त्यांनी सांगितली आहे. ते टिपण निघाले तेव्हा तुरान हयात नव्हते. १९७६ साली ते निवर्तले होते.

चार भट्ट्या आणि चार आवारे आहेत असे धरू. भट्ट्या एका रांगेत आणि आवारे समोरच्या रांगेत ठेवली, तर रुळांचे छेद ३६ पडतात. कोणत्याही कारखानदाराला प्रथम हीच मांडणी सुचेल, कारण ती डोळ्यांना नीटनेटकी दिसते. आता दुसरी मांडणी पाहू. एक रस्ता पूर्व-पश्चिम आणि एक दक्षिणोत्तर अशी फुली आखावी. भट्ट्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर मांडाव्यात, चौकाच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन. आवारे तशीच दुसऱ्या रस्त्यावर मांडावीत. सोळाही रूळ सरळच राहतात आणि छेद फक्त ४ उरतात. भट्ट्या त्याच, आवारे तीच, विटा तितक्याच; ३६ चे ४ झाले. उरलेले बत्तीस छेद ज्यांच्या हातून गाड्या घसरत होत्या त्या मजुरांच्या कपाळी होते, असे कोणी म्हणावे काय?

तुरान १९५२ साली पोलंडला गेले असता त्यांनी हा प्रश्न तेथील गणितज्ञांना सांगितला. वॉर्साचे काझिमिएझ झारांकिएविच यांनी फुलीची ही मांडणी मांडली आणि तीहून कमी छेद कोणत्याही संख्येच्या भट्ट्या-आवारांत शक्य नाहीत, अशी सिद्धताही १९५४ साली प्रसिद्ध केली. दहा-अकरा वर्षे तो सिद्धान्त मान्य होऊन राहिला. १९६५ च्या सुमारास रिंगेल आणि केनन या दोघांच्या स्वतंत्रपणे लक्षात आले की सिद्धतेत एक खिंडार आहे. ते बुजवण्याचे प्रयत्न झाले, परंतु ते आजतागायत पूर्णपणे बुजलेले नाही. १९६९ साली रिचर्ड गाय यांनी या सिद्धान्ताच्या ऱ्हासावर आणि अस्तावर एक लेखच लिहिला. १९७० साली क्लाइटमन यांनी एका बाजूची संख्या सहापर्यंत असेल तेथवरचा भाग पक्का करून दिला, म्हणून आमच्या उदाहरणातील ४ हा आकडा निर्विवाद आहे. त्यापलीकडे विधान आजही बहुधा खरेच असावे असे मानले जाते. पण बहुधा म्हणजे निश्चित नव्हे.

या कथेतील कोणता भाग टिकला आणि कोणता पडला, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आकृती टिकली. तिला कोणी धक्का लावू शकले नाही, कारण ती समोर होती आणि मोजता येत होती. पडली ती ‘याहून कमी नाही’ ही ग्वाही. एका व्यासंगी, प्रामाणिक गणितज्ञाने, आकडेमोड कागदावर मांडून दिलेली ही ग्वाही दशकभर विद्वानांच्या नजरेखालून गेली आणि तरीही अपुरी ठरली. मग रागाच्या किंवा थकव्याच्या भरात, पुरावा न मांडता, स्वतःच्याच बाजूने दिलेल्या आपल्या ग्वाहीला किती मोल द्यावे? ‘आम्ही सर्व करून पाहिले, दुसरा मार्गच नव्हता,’ असे दोन भाऊ वाटणीच्या दिवशी सांगतात तेव्हा ते खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी तीन-चार आकृत्या काढून पाहिलेल्या असतात. पण तीन-चार आकृत्यांच्या बळावर दिलेला तो निकाल सर्व आकृत्यांविषयीचा असतो.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, ‘मी सरळ माणूस आहे. मनात येते ते तोंडावर बोलतो, म्हणून माझे खटके उडतात. वळणे घेत बोललो असतो तर उडाले नसते.’ भूमिती या गृहस्थाची बाजू अगदीच नाकारीत नाही. रेषांना वाकण्याची मुभा दिली तर छेद कधी कधी कमी होतात, हे खरे आहे. अँथनी हिल नावाचे एक ब्रिटिश चित्रकार-शिल्पकार होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आकृत्या काढून या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि १९६३ साली फ्रँक हॅरारी यांच्यासमवेत त्यावर निबंध लिहिला. वक्र रेषा चालत असतील तर किती छेदांत भागते याचा त्यांचा अंदाज अद्याप कोणी खोटा पाडलेला नाही. सात ठिपक्यांपर्यंत सरळ आणि वक्र यांत काहीच फरक पडत नाही. आठ ठिपक्यांना वक्र रेषांनी १८ छेद पुरतात, सरळ रेषांना १९ लागतात. नवांना दोन्हीकडे ३६. दहांना वक्र रेषांनी ६० पुरतात, सरळ रेषांना ६२ लागतात. पुढे ठिपके कितीही वाढले तरी सरळपणाला थोडे अधिक मोजावे लागतेच : चार-चारांच्या हजार गटांमागे वक्र रेषांना ३७५ च्या आसपास छेद पुरतात, तर सरळ रेषांना ठिपके पुष्कळ झाल्यावर ३७९ हूनही कमी छेदांत भागवता येत नाही, हे सिद्ध झालेले आहे.

तेव्हा सरळपणाला किंमत आहे, हे कबूल. परंतु ती किंमत किती, तेही पाहावे. आठ ठिपके वर्तुळावर मांडून सरळ रेषांनी जोडले तर छेद ७० पडतात. त्यांपैकी १८ तर वक्र रेषांनीही टळत नव्हते. सरळपणापायी वाढला तो एक. बाकीचे ५१ मांडणीमुळे पडले. ज्याचे आठ माणसांच्या घरात सत्तर खटके उडतात त्याने ते सारे आपल्या स्पष्टवक्तेपणाच्या खाती मांडू नयेत. त्या खात्यावर एकच जमा होतो. सरळपणा हा सद्गुण आहे आणि त्याचे मोल चुकते करण्यास आपण तयार असावे. पण सद्गुणाच्या नावावर दुसऱ्याच कशाची उधारी चढवणे, हे सरळपणाचे लक्षण नव्हे.

दुसरी एक पळवाट याहूनही सोपी आहे. रेषाच पुसून टाकाव्यात. पाच ठिपक्यांच्या त्या शेवटच्या आकृतीत छेदणाऱ्या दोन रेषांपैकी एक खोडली की छेद शून्य! गणितात यास उत्तर म्हणत नाहीत, कारण प्रश्नाची अटच अशी होती की प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला असावा. संसारात मात्र हे उत्तर म्हणून खपते. त्याला आपण अबोला म्हणतो. दोघे एकमेकांच्या उंबऱ्यावर जात नाहीत, लग्नकार्यात एक आला की दुसरा उठतो आणि बाहेरचे लोक म्हणतात, आता त्यांच्यात भांडण नाही हो. भांडण नाही हे खरे. पण भांडण ज्यावर व्हावे ते नातेही उरलेले नाही. छेद मोजून शांतता ठरवणार असाल तर स्मशानासारखी शांतता कोठेच नाही. म्हणून छेद किती कमी झाले हे विचारण्यापूर्वी रेषा सगळ्या शाबूत आहेत ना, हे विचारले पाहिजे. एक छेद असलेले पाच जणांचे पूर्ण घर हे एकही छेद नसलेल्या अपुऱ्या घराहून श्रेष्ठ होय, असे आम्हांस वाटते.

भूमितीचा आधार कोठे संपतो, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. छेद कमी करण्याचा जो उपाय तिने दाखवला तो असा की सर्वांनी कडेवर उभे न राहता काहींनी आत यावे. सर्वांत कमी छेदांच्या मांडणीत रबर बँड नेहमी तिघांनाच टेकलेला असतो, हे २००७ च्या एका निबंधात सिद्धही झाले आहे. कडेवरची जागा ही मानाची आणि मोकळ्या वाऱ्याची. आतली जागा ही इतरांनी वेढलेली. ठिपक्याला कोठेही ठेवा, त्याची तक्रार नसते. माणसाचे तसे नाही. कोणत्या घरात कोण आत सरकतो, हे आपण पाहतोच : बहुधा धाकटी सून, बहुधा कमी मिळवणारा भाऊ, बहुधा जिला बोलता येत नाही ती. दरवेळी एकालाच आत सरकवून छेद कमी केले आणि त्याला घरचे सौख्य म्हटले, तर ते गणित बरोबर आणि न्याय चूक. मांडणी बदलली पाहिजे, एवढे भूमिती सांगते. जागा कोणी सोडावी, हे ती सांगत नाही. तो प्रश्न सद्सद्विवेकाचा आहे आणि तो सोडवताना ज्याला कडेवरची जागा आजवर मिळाली त्याने आधी उठावे, हे उचित.

शेवटी या सर्व हिशेबाच्या तळाशी असलेली एक गोष्ट उघड केली पाहिजे. अटळपणा हा नेहमी कशाच्या तरी सापेक्ष असतो. पाच ठिपके, सर्व जोडलेले, सर्व रेषा सरळ : एवढे गृहीत धरले म्हणून एक छेद अटळ ठरला. गृहीत बदलले की अटळही बदलते. तुरान यांनी भट्ट्या, आवारे आणि रूळ गृहीत धरले आणि छेद किती हे विचारले. गणितज्ञाला तसेच विचारावे लागते. परंतु त्या आवारात आणखीही काही गृहीत धरले गेले होते. विद्वान माणसे तेथे पहाऱ्याखाली राबत होती, कारण ती ज्यू होती. त्याच वर्षी, मे ते जुलै १९४४ या काळात, हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष-बालकांना आगगाड्यांत कोंबून देशाबाहेर धाडण्यात आले. त्यांतील बहुसंख्य आउशवित्सला पोचवले गेले आणि मारले गेले. भट्ट्या-आवारांच्या चार छेदांना सिद्धता आहे. त्या आगगाड्यांना नाही. त्या सुटणे अटळ होते, असे सिद्ध करणारी एकही ओळ जगाच्या कोणत्याही ग्रंथात नाही आणि असूही शकत नाही. कारण प्रत्येक गाडीपाठी कोणाची तरी सही होती, कोणीतरी यादी केली होती, कोणीतरी दार बाहेरून लावले होते. तरीही युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येकांच्या तोंडी हेच वाक्य होते की दुसरा मार्ग नव्हता.

एवढ्या भयंकर प्रसंगाशी आपल्या घरगुती खटक्यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. वाक्य मात्र तेच आहे आणि म्हणून त्याचा वापर जपून करावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. ‘व्हायचेच होते’ असे म्हणण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. आपण काय गृहीत धरले आहे आणि ते कोणी ठरवले? मांडणी बदलून पाहिली काय आणि बदलताना जागा कोणाची गेली? आणि ‘याहून कमी शक्य नाही’ असे म्हणतो त्याला आपल्याजवळ सिद्धता आहे, की केवळ दमलेल्या मनाची ग्वाही आहे?

या प्रश्नांतूनही जे उरेल, ते खरोखर अटळ असेल. त्याच्याशी भांडू नये, त्यासाठी कोणाकडे बोट दाखवू नये. पाच माणसांच्या घरात एक रेषा दुसरीस छेदणारच. त्या ठिकाणी गाडी थोडी हळू न्यावी, विटा पडल्या तर दोघांनी वाकून त्या उचलाव्यात आणि पुढे जावे. क्षमेची खरी जागा तीच आहे. उरलेल्या चार छेदांसाठी मात्र आधी कागद घेऊन बसावे लागेल आणि कोणता ठिपका हलवता येतो ते पाहावे लागेल. तो ठिपका पुष्कळदा आपणच असतो.